कमानीचा पूल



या पाठात आपण पुलाची माहिती घेऊ. पूल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. डोक्यावर गाठोडे घेऊन, बैलगाडीत बसून, नाहीतर एस.टी.च्या खिडकीतून आपण कितीदा तरी पुलावरून गेलो आहोत. पण पूल उभा कसा राहतो, तो कशाने दुबळा होतो, आणि त्याच्यापायी माणसाचा जीव कधी धोक्यात येतो, हे आपण सहसा विचारीत नाही. ते आज विचारू. शेवटी काही प्रश्न आणि एका अर्जाचा नमुना दिला आहे. तो प्रत्येकाने आपल्या वहीत उतरवून घ्यावा.

१. नदी आडवी येते

माहूरच्या डोंगरांना वळसा घालून पैनगंगा वाहते. ती बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरे खेळतात. पावसाळ्यात तीच नदी ओळखू येत नाही. वरच्या अंगाला ईसापूरचे धरण आहे. तिकडे पाऊस झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले, की आपल्याकडे आभाळ निरभ्र असले तरी नदी चढते.

माहूरहून यवतमाळकडे जाणारी वाट धनोड्याजवळ ही नदी ओलांडते. रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला विदर्भातून येणारी माणसे याच बाजूने येतात. नवरात्रात आणि दत्तजयंतीला तर माणसांची रीघ लागते. पण नदी काही फक्त यात्रेकरूलाच आडवी येत नाही. बाळंतपणाला अडलेल्या बाईला ती आडवी येते. कापूस बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला आणि तांड्यावरून शाळेला जाणाऱ्या मुलालाही आडवी येते.

एके काळी ही नदी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अमलाखालचा वऱ्हाड. काठावरच्या माणसांची भाषा एक, देव एक, सोयरीक एक. पण राज्ये दोन. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली राज्यांची पुन्हा रचना झाली, तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात आला. माहूर त्या वेळी किनवट तालुक्यातच होते. आता माहूर हा स्वतंत्र तालुका आहे. नकाशावरची सरहद्द कागदाने पुसता येते. नदी मात्र कागदाने ओलांडता येत नाही. तिला पूलच लागतो.

२. कमान म्हणजे काय

सगळ्यांत सोपा पूल म्हणजे ओढ्यावर आडवे टाकलेले लाकूड. अंतर थोडे असले तर ते चालते. अंतर वाढले की लाकूड मधे वाकते, आणखी भार पडला की मोडते.

एक प्रयोग करून बघा. दोन विटा वीतभर अंतरावर ठेवा. त्यांच्यावर पुठ्ठ्याची एक पट्टी आडवी टाका आणि पट्टीच्या मधोमध भरलेली काडेपेटी ठेवा. पट्टी खाली झुकते. आता तीच पट्टी धनुष्यासारखी वाकवा आणि तिची दोन्ही टोके विटांच्या आतल्या बाजूंना टेकवून बसवा. पाठ वर, टोके खाली. आता वर काडेपेटी ठेवा. पट्टी ती सहज पेलते. पुठ्ठा तोच, काडेपेटी तीच. फरक फक्त आकाराचा.

या आकाराला कमान म्हणतात. माहूरच्या किल्ल्याच्या दरवाजांना कमानी आहेत. मशिदीला, जुन्या वाड्याला, विहिरीच्या मोटेच्या जागेलाही कमानी असतात. कमानीवर भार पडला की तो भार एका दगडाकडून दुसऱ्या दगडाकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा दोन्ही बाजूंना उतरत जातो आणि शेवटी जमिनीत जातो. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. म्हणून भार आला की कमान उलट घट्ट होते. कमानीच्या अगदी माथ्यावरचा दगड शेवटी बसवतात. तो बसला की कमान पुरी झाली. त्याला चावीचा दगड म्हणतात.

पण कमानीची एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या प्रयोगातली एक वीट जराशी बाहेर सरकवा. कमान लगेच बसते. म्हणजे कमान आपला भार नुसता खाली देत नाही. ती दोन्ही टोकांना बाहेरही रेटते. दोन गडी समोरासमोर उभे राहून तळहाताला तळहात लावून एकमेकांवर रेलले, तर दोघेही उभे राहतात. पण एकाचा पाय चिखलात घसरला की दोघेही पडतात. कमानीचेही असेच आहे. तिची खरी ताकद तिच्या पायाशी असते. पाया पक्का, तर कमान शेकडो वर्षे टिकते. हैदराबादला मुसी नदीवरचा पुराणा पूल १५७८ साली कुतुबशाहीत बांधला. तो दगडी कमानींचा आहे, आणि १९०८ सालचा मुसीचा मोठा पूर सोसूनही तो उभा राहिला.

३. दगडानंतर काँक्रीट

दगड घडायला वेळ लागतो, आणि कुशल हात लागतात. पुढे माणसाने एक नवा दगड शोधला. तो ओतता येतो, आणि हव्या त्या आकारात घट्ट होतो. हा नवा दगड म्हणजे काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे ते मिश्रण आहे.

आज आपण ज्याला सिमेंट म्हणतो, त्याचे पहिले हक्कपत्र १८२४ साली इंग्लंडातल्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या माणसाने घेतले. हा माणूस विटांचे बांधकाम करणारा गवंडी होता. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला.

काँक्रीटचा एक गुण आणि एक दोष आहे. शाळेतला खडू घ्या. त्याला दोन्ही टोकांकडून आत दाबा. तो सहज फुटत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. कट्कन मोडतो. काँक्रीट या खडूसारखे आहे. दाब चांगला सोसते, पण ताण फारसा सोसत नाही. ताण म्हणजे ओढ.

यावर तोड काढली ती जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने. त्याच्या सिमेंटच्या कुंड्या फुटायच्या. त्याने कुंडीच्या आत लोखंडी जाळी घातली. कुंड्या फुटेनाशा झाल्या. १८६७ साली त्याने या युक्तीचे हक्कपत्र घेतले, आणि १८७५ साली याच पद्धतीने एक लहान पूलही बांधला. दाब काँक्रीटने सोसायचा आणि ताण लोखंडाने, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडची कुडाची भिंत आठवा. नुसती माती ढासळते. आत तुराट्या किंवा कामट्या असल्या की ती धरून राहते. काँक्रीटमधले गज हेच काम करतात. एक गवंडी आणि एक माळी, अशा दोन हातांनी काम करणाऱ्या माणसांपासून ही विद्या निघाली, हे आपण विसरू नये.

आता कमान आणि काँक्रीट यांची जोडी का जमली, ते सहज कळेल. कमानीत मुख्यतः दाबच असतो, आणि दाब सोसणे हाच काँक्रीटचा गुण. म्हणून थोड्या मालात लांब कमान बांधता येऊ लागली.

येथे घरच्या कामाची एक गोष्ट सांगून ठेवतो. काँक्रीट वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांचा एकमेकांशी संयोग होऊन ते घट्ट होते. म्हणून नव्या स्लॅबला पाणी मारतात, पोती भिजवून ठेवतात. ते लवकर वाळले, तर कच्चे राहते. काँक्रीटची ताकद साधारणपणे २८ दिवसांनी मोजतात. घाईने सेंटरिंग काढू नये, ते यासाठीच.

४. एका लहान गावासाठी

युरोपात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. तेथे शूडर्स हे डोंगरातले एक लहानसे खेडे आहे. खालच्या शिअर्स गावापासून तेथे जायला मधे एक खोल दरी आडवी येते. दरीच्या तळाशी साल्गिना नावाचा ओढा आहे. एवढ्याशा खेड्यासाठी एवढी मोठी दरी बांधायची, म्हणजे खर्च आला. म्हणून सरकारने आराखडे आणि किमती मागवल्या. रॉबेर मायार या इंजिनिअरचा आराखडा सगळ्यांत स्वस्त निघाला. १९२९ आणि १९३० या दोन वर्षांत पूल बांधून झाला. एका कमानीत ९० मीटरची झेप, म्हणजे जवळजवळ ३०० फूट. दरीत एकही खांब नाही. रस्ता मात्र अगदी अरुंद, एक गाडी जाईल इतकाच.

हा पूल स्वस्त कसा झाला? काँक्रीट ओतायचे, तर आधी खालून लाकडी सांगाडा उभारावा लागतो. आपले गवंडी त्याला सेंटरिंग म्हणतात. ९० मीटर दरीवर सांगाडा उभारायचा, म्हणजे त्याचाच खर्च मोठा. मायारने युक्ती केली. पहिल्यांदा कमानीचा खालचा पातळ पट्टा ओतला. सांगाड्यावर तेवढाच भार. तो पट्टा घट्ट झाल्यावर वरचे काम त्या पट्ट्यानेच पेलले. त्यामुळे सांगाडा हलका चालला आणि लाकूड वाचले. शिवाय जेथे ताकद हवी तेथेच काँक्रीट जाड ठेवले, जेथे नको तेथे पातळ केले. उन्हाने काँक्रीट थोडे फुगते आणि थंडीने आकसते. म्हणून कमानीच्या दोन्ही टोकांशी आणि माथ्याशी जराशी हालचाल होईल असे सांधे ठेवले.

१९९१ साली अमेरिकेतल्या स्थापत्य इंजिनिअरांच्या संस्थेने या पुलाला जगातल्या ऐतिहासिक बांधकामांत मान दिला. आज तो बघायला लांबून लोक येतात. पण तो बांधला होता बघण्यासाठी नव्हे. डोंगरातल्या थोड्याशा माणसांना बारमाही वाट मिळावी म्हणून बांधला होता. खेडे लहान आहे म्हणून त्याला पूल नको, असे तेथे कोणी म्हटले नाही. कमी पैशांत चांगला पूल कसा होईल, हा विचार झाला. हे आम्हांला या गोष्टीत फार मोलाचे वाटते.

५. तिस्तेवरचा बाघपूल

आता आपल्या देशातला असाच एक पूल बघू. बंगालच्या उत्तरेला हिमालयातून तिस्ता नदी खाली येते. सेवोक या ठिकाणी ती डोंगर सोडून मैदानात उतरते. तेथे पाणी इतके खोल आणि ओढ इतकी जबर, की पात्रात खांब उभा करणे शक्य नव्हते. पण दोन्ही काठांना खडक होता. खडक म्हणजे कमानीला हवा तसा पाया. तेव्हा पात्रात एकही खांब न घालता, एका काठच्या खडकावरून दुसऱ्या काठच्या खडकावर काँक्रीटची एकच मोठी कमान टाकायचे ठरले.

१९३७ साली पायाचा दगड बसला आणि १९४१ साली पूल पुरा झाला. आराखडा जॉन चेंबर्स या सरकारी इंजिनिअरचा, आणि बांधणारी कंपनी आपल्या मुंबईची, जे. सी. गॅमन यांची. त्या सुमारास इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक झाला होता, म्हणून पुलाला कॉरोनेशन पूल असे नाव दिले. लोक मात्र त्याला बाघपूल म्हणतात, कारण पुलाच्या तोंडाशी वाघांच्या मूर्ती आहेत. राजा गेला, त्याचे राज्य गेले, पण लोकांनी ठेवलेले नाव टिकले.

तिस्तेला मोठमोठे पूर आले. १९६८ सालच्या पुरात तिच्यावरचा दुसरा एक पूल वाहून गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधला एक बर्फाळ तलाव फुटला, आणि वरचे एक धरणही वाहून गेले. त्या लोंढ्यातही बाघपूल उभा राहिला. पात्रात खांब नसल्याने पाण्याला आदळायला जागाच नव्हती. पण तोही आता म्हातारा झाला आहे. २०११ साली तेथे भूकंप झाला, त्यानंतर त्याच्यावरून जाणाऱ्या जड वाहनांवर मर्यादा घालावी लागली. म्हातारे माणूस चालते फिरते असले, तरी त्याच्या डोक्यावर पोते देत नाहीत. पुलाचेही तसेच.

६. सावित्रीची काळरात्र

आता जी गोष्ट सांगायची, ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि दुःखाची आहे.

कोकणात महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावर सावित्री नदी आहे. ती महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरात आणि खाली कोकणात जोराचा पाऊस चालू होता. नदी फुगली होती. अंधारात पुलाचा भाग वाहून गेला. मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे दिसले नाही. दोन एस.टी. गाड्या आणि एक जीप नदीत गेली. सुमारे ४० माणसे दगावली. कोणी कामावर मुंबईला निघाले होते, कोणी घरच्या माणसांना भेटून परतत होते.

पूल ८८ वर्षांचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. मग झाले काय? डोळ्यांनी वरून दिसते तेवढी पाहणी पुरत नाही, हा त्यातला मोठा धडा. पुलाचे दुखणे पुष्कळदा पाण्याखाली, पायाशी असते. तेथे माणसाची नजर पोहोचत नाही. त्यासाठी पाणबुड्या लागतो, यंत्रे लागतात.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या ध्यानात आले, की गाड्यांचे दिवे पुलाशी येतात आणि दिसेनासे होतात. त्याने पुढच्या गाड्यांना थांबवले आणि खबर दिली. त्याच्या सावधपणाने किती जीव वाचले, हे कोणी मोजू शकणार नाही.

त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधला, आणि ५ जून २०१७ रोजी तो खुला झाला. इतक्या लवकर पूल होऊ शकतो, हे त्याने दाखवले. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

७. पूल कशाने दुबळा होतो

पूल एका दिवसात पडतो असे दिसते, पण तो आतून बरीच वर्षे दुबळा होत असतो. त्याची मुख्य कारणे अशी :

(अ) पायाखालची माती जाणे. पुराचे पाणी खांबाला आदळते, तेथे भोवरा होतो. तो भोवरा खांबाच्या बुडाशी माती आणि वाळू उकरतो. पाया उघडा पडतो. पुलांचा हा सगळ्यांत मोठा शत्रू आहे.

(आ) वाळूचा उपसा. पुलाजवळची वाळू काढली की पात्र खोल होते आणि पाया उघडा पडायला पुराला मदत होते. आज चार पैसे मिळतात, पण उद्या आपल्याच लेकराची वाट बंद होते. पुलाजवळ वाळू काढणाराला गावाने अडवले पाहिजे.

(इ) गजाला गंज. काँक्रीटला भेग पडली की पाणी आत शिरते. गज गंजतो. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. पुलाच्या पोटाला तांबडे ओघळ दिसले किंवा गज उघडे पडले, तर समजावे की रोग आत आहे.

(ई) झाडे. दगडी पुलाच्या सांध्यात वड, पिंपळ उगवतात. रोप बोटाएवढे असते तेव्हा उपटणे सोपे. मुळे आत गेली, की ती दगड सरकवतात. पिंपळ आपण पूजतो. पण त्याची जागा पारावर आहे, पुलाच्या भिंतीत नाही. रोप काढून पारावर लावावे.

(उ) अडकलेला केरकचरा. पुरात ओंडके आणि झुडपे वाहत येतात आणि पुलाच्या गाळ्यांत अडकतात. पाण्याची वाट तुंबते. मग पाणी पुलालाच ढकलू लागते.

(ऊ) जास्त भार. बैलगाडीच्या दिवसांत बांधलेल्या पुलावरून आज ऊस, सळई आणि खडी यांच्या मोठ्या गाड्या जातात.

८. फलक वाचणे आणि मानणे

पुलाजवळ फलक असतात. ‘पूल अरुंद आहे’, ‘जड वाहनांस बंदी’, ‘पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये’. आपण आता अक्षरे जोडून वाचू लागलो आहोत. तेव्हा हे फलक थांबून वाचावेत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावेत.

पण नुसते वाचून भागत नाही. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. वर्षासहलीला आलेल्या माणसांची त्याच्यावर गर्दी झाली होती. चार माणसे मरण पावली, पुष्कळ जखमी झाली. पूल धोक्याचा आहे असा फलक तेथे होता. आलेल्यांत शिकलेली माणसे पुष्कळ होती. त्यांना वाचता येत नव्हते असे नाही. वाचलेले मानले नाही, एवढेच. म्हणून साक्षर होणे म्हणजे अक्षर ओळखणे, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे अक्षर मानणे.

पुलावरून पाणी वाहत असेल तर काय करावे? थांबावे. गुडघ्याच्या खाली असलेले पाणीसुद्धा वेगात असले की माणसाचे पाय उचलते. साधारण १ फूट धावते पाणी हलकी मोटार सरकवू शकते आणि २ फूट पाणी जीपसारखी गाडी वाहून नेऊ शकते. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे वरून कळत नाही. ‘रोजची वाट आहे, काय होते?’ असे म्हणणारा गडी पोहणारा असतो, आणि तोच पहिल्यांदा जातो. दोन तास थांबल्याने कोणाचे काही बुडत नाही. घरी चूल पेटलेली असते, माणसे वाट बघत असतात. त्यांना आपण उशिरा पोहोचलेले चालतो.

बाई अडली असेल, कोणाला साप चावला असेल, तरीही पुरात गाडी घालू नये. ११२ या नंबरावर फोन करावा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. हे दोन नंबर घराच्या भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावेत. नदीकाठच्या गावाने बाळंतपणाचे दिवस भरत आलेल्या बाईला पावसाळ्यात आधीच दवाखान्याच्या काठाला नेऊन ठेवावे. हे शहाणपण आपल्या जुन्या बायांना ठाऊक होते.

९. गावाने काय करावे

पूल सरकारचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नये. सरकारचे माणूस वर्षातून एकदोनदा येते. आपण रोज जातो. पुलाला पहिली भेग कोणाला दिसेल? आपल्यालाच. म्हणून पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, गावातल्या चार जाणत्यांनी आणि दोन तरण्या पोरांनी पुलाखाली जाऊन बघावे. पाया उघडा पडला आहे का? भेग नवी आहे का? कठडा शाबूत आहे का? जे दिसले ते तारखेसह वहीत लिहावे. मागच्या वर्षीची भेग बोटभर होती आणि या वर्षी चार बोटे झाली, हे लिहून ठेवले असेल तरच सांगता येते. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

मग अर्ज करावा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. आपला रस्ता कोणाचा, हे ग्रामपंचायतीत विचारावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती जपून ठेवावी. तिला पोच म्हणतात. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येते.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. उपअभियंता,
सार्वजनिक बांधकाम उपविभाग, ............

विषय : ............ नदीवरील पुलाची तपासणी होण्याबाबत.

महोदय,
आम्ही खाली सह्या करणारे, मौजे ............, तालुका माहूर येथील रहिवासी आहोत. आमच्या गावाजवळच्या पुलाची आम्ही दिनांक ............ रोजी पाहणी केली. तेव्हा पुढील गोष्टी दिसल्या :
१) पुलाच्या ............ बाजूकडील खांबाचा पाया उघडा पडला आहे.
२) कमानीला सुमारे ............ हात लांब भेग आहे.
३) कठडा ............ ठिकाणी तुटला आहे.
या पुलावरून रोज शाळेची मुले आणि एस.टी. जाते. तरी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाण्याखालच्या भागासह तपासणी व्हावी, आणि तोपर्यंत धोक्याचा फलक लावावा, ही विनंती.
आपले,
(सह्या)

सही करणे ज्यांना आता जमते, त्यांनी अंगठा उठवू नये. सही करावी. अर्जावर गावातल्या बायांच्याही सह्या असाव्यात. पाण्याची आणि पुलाची खरी खबर त्यांनाच जास्त असते.

कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाचा भार घेतो, म्हणून पूल उभा राहतो. गावाचेही काम असेच चालते. पुढच्या आठवड्यात वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या जवळच्या पुलाची पाहणी करून चार ओळी लिहून आणाव्यात. आपण त्या वर्गात वाचू.

कठीण शब्द

कमान : धनुष्याच्या आकाराचे बांधकाम.
दाब : आत रेटणारा जोर.
ताण : ओढणारा जोर.
गाळा : पुलाच्या दोन खांबांमधली मोकळी जागा.
कठडा : पुलाच्या कडेची आडभिंत.
पोच : अर्ज मिळाल्याची खूण.

प्रश्न

१) कमान आपला भार कोणत्या दोन दिशांना देते?
२) काँक्रीटमध्ये लोखंडी गज का घालतात?
३) तिस्तेवरच्या पुलाला पात्रात खांब का नाहीत?
४) सावित्रीच्या पुलाच्या दुर्घटनेतून आपण कोणता धडा घ्यावा?
५) आपल्याकडे पाऊस नसतानाही पैनगंगेला पूर का येऊ शकतो?
६) पुलावरून पाणी वाहत असताना शेजारी गाडी घालायला निघाला आहे. त्याला तुम्ही काय सांगाल? पाच वाक्यांत लिहा.